डॉट इन: पत्ता दुकानाचा, नोंद कुणाच्या नावावर?

वेबसाइटच्या पत्त्याच्या शेवटी येणाऱ्या आणि इंटरनेटवर भारताची ओळख असलेल्या 'डॉट इन' या शेपटाचं पहिलं दप्तर मुंबईत होतं, जुहूला. आय आणि एन ही दोन अक्षरं जगाच्या नोंदवहीत भारताच्या नावे चढली ८ मे १९८९ रोजी. पुढची बरीच वर्षं ती सांभाळली राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रानं, म्हणजे एनसीएसटीनं. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या कामातून १९८५ मध्ये उभी राहिलेली ही संस्था. तिथून पवईच्या आयआयटीशी टेलिफोनच्या तारेवरून ईमेलची देवाणघेवाण चालायची, तेव्हा बाकीच्या मुंबईला इंटरनेट हा शब्दही ठाऊक नव्हता. सामान्य माणसाला पैसे भरून इंटरनेट मिळू लागलं ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगमाकडून.

सुरुवातीला डॉट इनवर नाव मिळवणं सोपं नव्हतं. कंपनीची कागदपत्रं द्या, नाव कंपनीच्या नावाशी जुळलं पाहिजे, आणि मिळणार तेही बहुतेकदा 'को डॉट इन' असं लांबलचक. परिणाम असा की २००४ संपेपर्यंत देशभरात मिळून जेमतेम सात हजार नावं नोंदली गेली. मधल्या काळात लोक सरळ डॉट कॉमकडे वळले. २००५ च्या जानेवारीत नवं धोरण आलं, कारभार नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, म्हणजे निक्सी, या ना-नफा कंपनीकडे गेला आणि दार उघडलं. आज डॉट इनवर चाळीस लाखांहून जास्त नावं आहेत.

या चाळीस लाखांत दादरचे साडीवाले आहेत, लालबागचे मसालेवाले आहेत, क्लासेस आहेत, डॉक्टर आहेत, गणेशोत्सव मंडळं आहेत. यांतल्या कुणालाही विचारा, उत्तर एकच: "डोमेन विकत घेतलंय." डोमेन म्हणजे वेबसाइटचं हे नाव. हे उत्तर मला सतत खटकतं, कारण डोमेन विकत मिळत नाही. ते नोंदलं जातं, ठरावीक मुदतीसाठी, आणि ती नोंद कुणीतरी सांभाळत असतं. नोंद कोण ठेवतं, कुणाच्या सांगण्यावरून बदलतं, आणि तिच्यात नाव कुणाचं लिहिलंय, एवढं कळलं की हा सगळा विषय हातात येतो.

आधी ती नोंद असते कुठे ते बघू. समजा परळच्या एका बाईंनी मोबाईलवर एका मसालेवाल्याचं नाव टाइप केलं, शेवटी डॉट इन. मोबाईलला नावातलं काही कळत नाही. त्याला लागतो आकड्यांचा पत्ता, ज्याला आयपी पत्ता म्हणतात. म्हणून तो आपल्या मोबाईल कंपनीच्या एका कॉम्प्युटरला विचारतो. या शोध घेणाऱ्या कॉम्प्युटरला रिझॉल्व्हर म्हणतात. त्याच्याकडे उत्तर आधीपासून नसेल तर तो अगदी वरून सुरुवात करतो. वर आहेत रूट सर्व्हर. त्यांना ए पासून एम पर्यंत तेरा अक्षरांची नावं आहेत, प्रत्यक्षात त्यांच्या प्रती जगभर हजारावर ठिकाणी ठेवलेल्या आहेत. रूट सर्व्हरला मसालेवाला माहीत नसतो. तो एवढंच सांगतो, "डॉट इनबद्दल विचारायचं तर या सर्व्हरांकडे जा." डॉट इनच्या सर्व्हरलाही दुकानाचा आकडी पत्ता माहीत नसतो. तो म्हणतो, "या नावाचा हिशोब अमुक नेमसर्व्हरकडे आहे." आणि तो नेमसर्व्हर, म्हणजे त्या एका नावाचा आकडी पत्ता सांभाळणारा कॉम्प्युटर, शेवटी आकडा देतो. एवढं सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं. मग रिझॉल्व्हर ते उत्तर काही काळ जपून ठेवतो, म्हणजे पुढच्या गिऱ्हाइकासाठी पुन्हा एवढी पायपीट नको. वेबसाइट दुसऱ्या सर्व्हरवर हलवली की कुणाला नवी दिसते, कुणाला जुनीच दिसत राहते, ते या जपून ठेवलेल्या उत्तरांमुळे.

यातलं लक्षात ठेवण्यासारखं हे की प्रत्येक पायरीवर फक्त पुढच्या पायरीचा पत्ता असतो. डॉट इनच्या नोंदीत तुमची वेबसाइट नसते, फोटो नसतात, ईमेल नसतात. तिथे एका ओळीत तुमचं नाव आणि त्यापुढे तुमच्या नेमसर्व्हरांची नावं असतात. ती ओळ चुकली की मागे सगळं धडधाकट असूनही तुम्ही जगाला दिसेनासे होता.

आणि ओळ चुकते म्हणजे किती चुकते? १२ ऑक्टोबर २००९ च्या रात्री स्वीडननं ते अनुभवलं. डॉट एसई हे त्यांच्या देशाचं शेपूट. या नोंदींमध्ये पूर्ण नावाच्या शेवटी एक टिंब द्यावं लागतं. टिंब असेल तर नाव तिथे संपलं असं समजतात, नसेल तर त्यापुढे देशाचं शेपूट आपोआप जोडलं जातं. नेहमीच्या देखभालीत एका प्रोग्रामकडून ते टिंब घालायचं राहिलं. लगेच प्रत्येक नेमसर्व्हरच्या नावामागे आणखी एक डॉट एसई लागलं, आणि देशातली जवळपास नऊ लाख नावं एकाच वेळी गायब झाली. चूक तासाभरात सुधारली, पण जपून ठेवलेल्या चुकीच्या उत्तरांचा त्रास त्यानंतरही चालू राहिला. देशाच्या नावांची वही सांभाळणं म्हणजे काय जबाबदारी आहे, हे समजायला मला यापेक्षा चांगलं उदाहरण सापडलेलं नाही.

आता प्रश्न येतो की आय-एन म्हणजे भारत हे ठरवलं कुणी. सुरुवातीच्या काळात ही जगाची नोंदवही कॅलिफोर्नियातले जॉन पोस्टेल हे संशोधक सांभाळत. कोणता प्रदेश देश आहे आणि कोणता नाही, या भांडणात त्यांना पडायचंच नव्हतं. म्हणून त्यांनी आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेची आधीच तयार असलेली देशांच्या दोन अक्षरी खुणांची यादी उचलली. त्या यादीत असाल तर शेपूट मिळेल, नाहीतर नाही. १९९४ मध्ये त्यांनी हे लिहून ठेवलं, आणि सोबत आणखी एक गोष्ट लिहिली की देशाचं शेपूट सांभाळणारा हा विश्वस्त आहे, त्या देशाच्या आणि जगाच्या इंटरनेट वापरणाऱ्यांच्या वतीनं. मालकीहक्काची भाषा त्यांनी जाणूनबुजून टाळली. १९९८ पासून ही वरची वही आयकॅन ही संस्था बघते. तिच्यावरची अमेरिकी सरकारची देखरेखही १ ऑक्टोबर २०१६ पासून संपली.

पोस्टेल यांच्या त्या अलिप्तपणाची कसोटी २०२२ मध्ये लागली. युद्ध सुरू झाल्यावर युक्रेननं आयकॅनकडे मागणी केली की रशियाचं डॉट आरयू रद्द करा. आयकॅननं नकार दिला. कारण असं दिलं की आमचं काम नावांची व्यवस्था चालू ठेवण्याचं आहे, शिक्षा करण्याचं नाही. युक्रेनचं दुःख खरं होतं, तरी मला हा नकार बरोबर वाटतो. एकदा का वरच्या वहीतून देश खोडायची सवय लागली की उद्या कुणाचा नंबर लागेल हे सांगता येणार नाही.

प्रत्येक देश आपलं शेपूट आपापल्या पद्धतीनं वापरतो. पॅसिफिक महासागरातल्या तुवालूला डॉट टीव्ही मिळालं आणि जगभरच्या टीव्हीवाल्यांनी ते उचललं. त्या चिमुकल्या देशाच्या तिजोरीत त्यातून चांगली भर पडते. अँग्विला या कॅरिबियन बेटाकडे डॉट एआय आहे, एआय म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या लाटेत त्यांचं नशीब तर आत्ता आत्ता फळफळलं. सोव्हिएत संघ १९९१ मध्ये संपला, पण त्याचं डॉट एसयू अजून चालू आहे.

आपल्याकडे परत येऊ. वही निक्सीच्या ताब्यात आहे आणि निक्सी केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाच्या छत्राखाली चालते. वहीची तांत्रिक व्यवस्था मात्र कंत्राटानं दिली जाते. आधी आयर्लंडची अफिलियास, मग अमेरिकेची न्यूस्टार, आणि आता कॅनडाची टूकाउज. परदेशी कंपनीचं नाव ऐकून काहींना काळजी वाटते. पण धोरण, नियम आणि शेवटचा शब्द इथला असतो. कंत्राटदार बदलला तेव्हा लाखो नावं एका व्यवस्थेतून दुसऱ्या व्यवस्थेत गेली आणि बहुतेकांना पत्ताही लागला नाही.

निक्सीकडे आपण थेट जात नाही. मधे रजिस्ट्रार असतो, म्हणजे निक्सीनं मान्यता दिलेली कंपनी, जिच्या वेबसाइटवर आपण नाव शोधतो आणि पैसे भरतो. एका वेळी एक ते दहा वर्षांपर्यंत नोंद करता येते. त्याखाली बरेचदा रजिस्ट्रारचा रीसेलर, म्हणजे त्याच्या वतीनं नावं विकणारा, असतो, आणि रीसेलरच्या खाली तुमची वेबसाइट बनवून देणारा मुलगा. म्हणजे वहीपासून दुकानापर्यंत चार-चार हात. खरी गुंतागुंत इथे आहे, आणि मुंबईतल्या छोट्या धंद्यांचं नुकसान होतं तेही इथेच.

गिरगावातल्या माझ्या ओळखीच्या एका जुन्या दुकानाचं असंच झालं. लोणची, पापड, मेतकूट, सगळा घरगुती माल. मालक काकांच्या मुलानं हौसेनं वेबसाइट करून घेतली. करणाऱ्यानं सगळं "पॅकेजमध्ये" दिलं, डोमेनसुद्धा. चार-पाच वर्षं छान चाललं, परदेशातूनही ऑर्डर येऊ लागल्या. मग वेबसाइटवाल्याशी पैशावरून बिनसलं आणि त्यानं फोन उचलणं बंद केलं. नोंद काढून बघितली तर नाव त्याचं, ईमेल त्याचा, मोबाईल नंबरही त्याचा. दुकानाची पाटी साठ वर्षांची, पण वहीत दुकान कुठेच नव्हतं. पिशव्यांवर, डब्यांवर, बिलांवर छापलेला पत्ता कागदोपत्री दुसऱ्याच माणसाचा होता.

मुंबईकराला हे समजायला पागडीची खोली आठवली तरी पुरे. तीन पिढ्या तिथे राहिल्या असतील, लाद्या आपण बसवल्या असतील, तरी घरमालक आपण नसतो. आपला हक्क टिकतो तो भाडेपावतीवर. दर वेळी भाडं भरायचं आणि पावती आपल्या नावे निघते की नाही ते बघायचं. पावती मामेभावाच्या नावावर असेल तर खोलीत आपण राहतोय हे सांगून उपयोग नसतो. डोमेनचं तसंच आहे, फक्त इथे पावती बघायला कुणाच्या पाया पडावं लागत नाही. डॉट इनच्या रजिस्ट्रीच्या वेबसाइटवर 'हू इज' नावाचा शोध आहे. तिथे आपलं नाव टाकायचं. पैसे पडत नाहीत.

जे पान उघडतं त्यात बरंच काही असतं. घाबरू नका. रजिस्ट्रार कोण, ते लिहिलेलं असतं. उद्या रीसेलर गायब झाला तर दाद याच कंपनीकडे मागायची. नोंद केल्याची तारीख आणि मुदत संपण्याची तारीख असते. नोंदणीदार म्हणून कुणाची नोंद आहे ते असतं, काही तपशील झाकलेले असले तरी संस्थेचं नाव आणि राज्य बहुधा दिसतं. तिथे तुमच्या दुकानाऐवजी वेबसाइटवाल्याची फर्म दिसली तर तेच दुखणं. 'स्टेटस' या शब्दापुढे ट्रान्सफर मनाई असं लिहिलेलं असेल तर ती चांगली गोष्ट आहे. त्याचा अर्थ नोंदीला कुलूप आहे, कुणी परस्पर दुसरीकडे हलवू शकत नाही. शेवटी नेमसर्व्हरांची नावं, म्हणजे आपण वर बघितलेली ती ओळ.

खात्याचा ईमेल कोणता आहे, हे मी सगळ्यात आधी विचारते. पासवर्ड विसरला तरी त्या ईमेलवर नवा मिळतो, नाव दुसऱ्या रजिस्ट्रारकडे न्यायचं तर त्यासाठीचा गुप्त कोडही त्या खात्यातूनच मिळतो. तो ईमेल नोकरी सोडून गेलेल्या कुणाचा असेल, किंवा त्याच डोमेनवरचा असेल, तर धोका आहे. डोमेनची मुदत संपली की त्यावरचा ईमेलही बंद, मग नूतनीकरणाची सूचना येणार कुठे? शिवाय ओळख पडताळणीसाठी येणारे निरोपही तिथेच येतात. डॉट इनसाठी खरी ओळख द्यावी लागते. डॉट कॉमवाल्यांना नाव झाकणारी 'प्रायव्हसी' सेवा मिळते तशी डॉट इनवर चालत नाही. पडताळणी केली नाही तर नाव बंद पडू शकतं.

मुदत चुकली तर लगेच सगळं संपत नाही. आधी वेबसाइट आणि ईमेल बंद पडतात, पण काही दिवस नेहमीच्याच पैशांत नूतनीकरण होतं. ते दिवस गेले की साधारण महिनाभराचा सोडवणुकीचा काळ असतो, त्यात दंड भरून नाव सुटतं, आणि हा दंड झोंबतो. तोही काळ उलटला की नाव काही दिवसांत मोकळं होतं. मग ते कुणीही घेऊ शकतं. चांगल्या नावांवर डोळा ठेवून बसलेले लोक असतात, त्यांचे प्रोग्राम ते क्षणात उचलतात. म्हणून पहिल्या वर्षाची सवलत बघून भुलण्यापेक्षा दुसऱ्या वर्षाचा दर विचारा आणि पाच वर्षांचे पैसे एकदम भरून टाका.

डॉट इनच्या आत काही राखीव वाड्याही आहेत. 'गव्ह डॉट इन' फक्त सरकारला मिळतं आणि ते राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, म्हणजे एनआयसी बघतं. 'एसी डॉट इन' विद्यापीठं-महाविद्यालयांसाठी, ते अर्नेट इंडियाकडे. 'मिल डॉट इन' सेनादलांसाठी. आणि सगळ्यात ताजी वाडी 'बँक डॉट इन'. रिझर्व्ह बँकेनं २०२५ मध्ये बँकांना सांगितलं की ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपले पत्ते या वाडीत हलवा. तिथे नाव देण्याचा अधिकार एकाच संस्थेला आहे, हैदराबादच्या आयडीआरबीटीला, जी रिझर्व्ह बँकेनंच उभारलेली आहे. त्यामुळे चोराला तिथे नाव नोंदवताच येत नाही.

याचा उपयोग करायचा तर पत्ता उलटा वाचायची सवय हवी. "केवायसी अपडेट करा" असा मेसेज येतो, लिंकमध्ये सुरुवातीलाच आपल्या बँकेचं नाव दिसतं आणि आई-बाबा विश्वास ठेवतात. पण पत्त्यात सुरुवातीला कुणीही काहीही लिहू शकतं. ज्यानं एखादं फालतू डोमेन नोंदलंय तो त्याच्या डावीकडे टिंब देऊन कोणत्याही बँकेचं नाव लावू शकतो, त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. म्हणून 'एचटीटीपीएस'ला लागून असलेल्या दोन तिरप्या रेघा सोडून त्यानंतरची पहिली तिरपी रेघ शोधायची आणि तिथून डावीकडे वाचत यायचं. रेघेच्या लगेच आधी 'बँक डॉट इन' असेल आणि 'बँक'च्या आधीही टिंब असेल तर पत्ता त्या वाडीतला. 'बँक' आणि 'इन' यांच्या मधे टिंबाऐवजी आडवी रेघ असेल, किंवा 'इन'च्या पुढे आणखी एक टिंब येऊन डॉट कॉम लागलं असेल, तर तो पत्ता बँकेचा नाही. घरातल्या मोठ्यांना हे एकदा शेजारी बसून, त्यांच्याच मोबाईलवर दाखवा.

मराठीतूनही पत्ता घेता येतो, हे फार थोड्यांना माहीत आहे. २७ ऑगस्ट २०१४ रोजी देवनागरीतलं 'डॉट भारत' सुरू झालं, नंतर इतर लिप्यांमध्येही आलं. आतल्या यंत्रणेला मात्र आजही रोमन अक्षरं आणि आकडेच कळतात. म्हणून प्रत्येक देवनागरी नावाचं पडद्यामागे एक्स-एन आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणारं एक रोमन रूप असतं, आणि वहीत तेच लिहिलं जातं. या रूपांतरात ऱ्हस्व-दीर्घाला माफी नाही. 'फुल' आणि 'फूल' ही दोन वेगळी नावं होतात. गिऱ्हाईक कसं टाइप करेल याचा भरवसा नसेल तर दोन्ही नोंदवावी लागतात. त्यातून काही वेबसाइटींवरचे अर्ज देवनागरी ईमेल पत्ता चुकीचा म्हणून परत पाठवतात. हा दोष यंत्रणेचा नाही, अर्ज बनवणाऱ्यांचा आहे, आणि तो सुधारणं अवघड नाही. ज्यांना जमेल त्यांनी रोमन नावासोबत मराठी नावही नोंदवून ठेवावं असं मला मनापासून वाटतं. मागणी दिसल्याशिवाय अर्ज बनवणारे हलणार नाहीत.

राहिला प्रश्न भांडणाचा. तुमच्या नावाशी मिळतंजुळतं नाव दुसऱ्यानं घेतलं तर? या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयाचा १९९९ चा निकाल पायाभूत मानला जातो. 'रेडिफ' हे मुंबईचंच पोर्टल. कुणीतरी त्यातलं एक इंग्रजी अक्षर बदलून 'रॅडिफ' असं डॉट कॉम नोंदवलं. न्यायालयानं म्हटलं की डोमेन हा नुसता इंटरनेटचा पत्ता नाही, त्याला ट्रेडमार्कइतकंच संरक्षण मिळायला हवं, आणि ते नाव वापरायला मनाई केली. २००४ मध्ये 'सिफी'च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानंही हीच दिशा पक्की केली.

डॉट इनसाठी तर कोर्टाबाहेरचा वेगळा मार्ग आहे. निक्सीकडे तक्रार करता येते, ती लवादासमोर जाते. तुम्हाला तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. ते नाव तुमच्या नावासारखं आहे, समोरच्याचा त्या नावावर रास्त हक्क नाही, आणि त्यानं ते वाईट हेतूनं नोंदवलं किंवा वापरलं. यातला 'किंवा' महत्त्वाचा आहे. डॉट कॉमच्या नियमांत नोंदणी आणि वापर दोन्ही वाईट हेतूचे असावे लागतात, इथे एक सिद्ध झालं तरी चालतं. निकाल तुमच्या बाजूनं लागला तर नाव तुमच्याकडे येतं किंवा रद्द होतं. बुडालेल्या धंद्याची भरपाई हवी असेल तर मात्र कोर्टातच जावं लागतं.

गिरगावच्या काकांकडे तक्रारीसाठी दुकानाचा परवाना होता, जुनी बिलं होती, पण ट्रेडमार्क नव्हता. ट्रेडमार्क असला की पहिला मुद्दा एका कागदात निकाली निघतो. त्याचं देशातलं मुख्य कार्यालय आपल्याच शहरात आहे, अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनात. अर्ज ऑनलाइन करता येतो. व्यक्ती आणि छोट्या उद्योगांना एका वर्गासाठी ४,५०० रुपये शुल्क आहे, मोठ्या कंपन्यांना ९,००० रुपये.